हरणाऱ्या क्लबची नोंद कोण ठेवतं?

फुटबॉल क्लबवरच्या डॉक्युमेंट्री मालिकेचा इतिहासाशी काय संबंध, असं मला बरेच जण विचारतात. संबंध आहे, आणि तो थेट मुंबईच्या फुटबॉलपर्यंत येतो. आज तोच जमेल तितका सोपा करून सांगतो.

विज्ञान शिकलेल्या कुणालाही एक गोष्ट माहीत असते. जमलेला प्रयोग छापून येतो, फसलेला प्रयोग कपाटातच राहतो. त्यामुळे छापील साहित्य वाचून असं वाटायला लागतं की प्रयोग बहुधा जमतातच. खेळाच्या इतिहासाचंही तेच आहे. चषक जिंकणाऱ्या संघाचे फोटो, स्मरणिका, पेपरातले मथळे उरतात. तळाला राहिलेल्या संघाचा उरतो फक्त गुणतक्त्यातला शेवटचा आकडा. त्या वर्षी दर आठवड्याला पदरमोड करून सामने बघायला येणाऱ्या माणसांचं काय झालं, ते त्या आकड्यातून कळत नाही.

म्हणूनच नेटफ्लिक्सवरची ‘संडरलंड टिल आय डाय’ ही मालिका मला महत्त्वाची वाटते. कारण ती म्हणजे चुकून छापला गेलेला फसलेला प्रयोग आहे.

ठरवलं एक, झालं भलतंच

संडरलंड हे इंग्लंडच्या ईशान्येचं जहाजबांधणीचं आणि कोळशाचं शहर. तिथले शेवटचे जहाज कारखाने १९८८ मध्ये बंद झाले, वेअरमथची कोळसा खाण १९९३ मध्ये. १९९७ मध्ये त्याच खाणीच्या जागेवर क्लबचं नवं स्टेडियम उभं राहिलं. ज्यांनी गिरणगाव बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, तिथे फुटबॉलचं मैदान आलं.

२०१७ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमधून घसरला. युरोपात तळाच्या संघांना पुढच्या वर्षी एक पायरी खालच्या लीगमध्ये ढकलतात, त्याला रेलिगेशन म्हणतात. मालिकेचे निर्माते ‘फुलवेल ७३’ हे याच क्लबच्या चाहत्यांपैकी. कंपनीच्या नावातला ७३ हा आकडा क्लबने १९७३ साली जिंकलेल्या एफए कपचा. क्लब वर्षभरात परत वर जाईल आणि आपण ती विजयाची गोष्ट टिपू, असा अंदाज होता. झालं उलटं. कॅमेरे चालू असताना क्लब आणखी एक पायरी खाली, म्हणजे तिसऱ्या स्तरावर गेला. या हंगामावरचे ८ भाग डिसेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाले.

मालिका चर्चमध्ये सुरू होते. धर्मगुरू क्लबसाठी प्रार्थना करत असतात. मनोरीत बसून बघणाऱ्याला हा प्रसंग अजिबात परका वाटत नाही. त्यानंतर खेळाडूंइतकाच वेळ मिळतो तो क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंना, टॅक्सी चालवणाऱ्या पाठीराख्याला आणि स्टँडमध्ये डोकं धरून बसलेल्या माणसांना.

एकच दृश्य, दोन तारखा

आता चाहत्यांच्या प्रतिक्रिया. बाहेरच्या प्रेक्षकांना हे शहर आवडलं. ज्यांनी नकाशावर संडरलंड कधी शोधलं नव्हतं, ते या क्लबसाठी हळहळू लागले. खुद्द संडरलंडच्या चाहत्यांची गोष्ट वेगळी होती. तो हंगाम त्यांनी एकदा भोगलाच होता, आणि आता तो संपादित होऊन, संगीतासकट पुन्हा समोर आला होता. कित्येकांना तो बघवेना. पण आपलं दुःख जगाने पाहिलं, याचं समाधानही अनेकांना होतं.

संशोधक म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्या पर्वाने. त्यात २०१८-१९ चा हंगाम आहे. नवे मालक आलेत, उत्साहाने बोलतायत, क्लब नफ्यात आणू म्हणतायत. तिसऱ्या स्तरावर असूनही सामन्यांना सरासरी ३० हजारांहून जास्त लोक येतायत. २६ डिसेंबर २०१८ च्या सामन्याला तर ४६,०३९ लोक आले. शेवटी मात्र वेम्बलीवर २ पराभव. मार्चमध्ये पोर्ट्समथकडून पेनल्टीवर, मे महिन्यात चार्ल्टनकडून अगदी शेवटच्या क्षणी.

हे पर्व प्रदर्शित झालं १ एप्रिल २०२० ला. जगभरचं फुटबॉल कोविडमुळे बंद होतं आणि लोक घरात अडकले होते. तोपर्यंत संडरलंडच्या चाहत्यांचा या मालकांवरचा विश्वास उडाला होता. मालकाने क्लब विकावा, अशी मागणी चाहत्यांच्या गटांनी केलेली होती. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी जे आश्वासक वाटलं असेल, ते बघताना हास्यास्पद आणि संतापजनक वाटलं.

इतिहासाच्या पद्धतीतली ही मूलभूत गोष्ट आहे. प्रत्येक साधनाला दोन तारखा असतात, एक ते तयार झाल्याची आणि दुसरी ते वाचल्याची. चाहत्याची प्रतिक्रिया दुसऱ्या तारखेची असते. ‘तेव्हाच आम्हाला संशय आला होता’ असं २०२० मध्ये कुणी म्हणालं, तर त्यावरून २०१८ मध्ये खरंच संशय होता असं सिद्ध होत नाही. पण २०२० मध्ये माणसं आपल्याच आठवणींची फेरमांडणी कशी करत होती, ते नक्की कळतं. शिवाय ‘असं नव्हतंच मुळी’ म्हणत जिथे चाहते मालिकेशी भांडतात, तिथे कॅमेऱ्यातून काय निसटलं तेही सापडतं. मालिका जितकी उपयोगाची, तितकंच तिच्याशी झालेलं भांडणही.

आणि आपले क्लब?

भांडायला काहीतरी समोर लागतं. मुंबईच्या चाहत्यांसमोर ते नाही.

या शहराचं फुटबॉल जुनं आहे. रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये. पुढे इथले मोठे संघ बहुतेक कंपन्यांचे होते. खेळाडूला नोकरी आणि कंपनीच्या नावाची जर्सी. महिंद्राचा संघ १९६२ मधला. ‘महिंद्रा युनायटेड’ या नावाने त्याने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, प्रशिक्षक होते डेरिक परेरा. त्यानंतर चारच वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. तो हरत होता म्हणून नव्हे, कंपनीचे अग्रक्रम बदलले म्हणून. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे आय-लीगबाहेर गेले.

मुंबई एफसीची गोष्ट तर संडरलंडला समांतरच आहे. २००७ मध्ये स्थापना, २००८-०९ पासून आय-लीगमध्ये. विजेतेपद कधी नाही, पण सलग ८ हंगाम खालीही घसरला नाही. बराच काळ प्रशिक्षक होते खालिद जमील, जे आधी याच शहरात महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळले होते. कूपरेजचं काम चालू असताना क्लबचे ‘घरचे’ सामने काही काळ पुण्याच्या बालेवाडीत झाले, म्हणजे दीडशे किलोमीटरवर. मनोरीच्या माणसाला कूपरेज गाठायचं तरी आधी मार्वेपर्यंत फेरीबोट, मग मालाड स्टेशनची बस, मग चर्चगेट लोकल. त्यात बालेवाडी! घरून किती वाजता निघालो आणि कुणाबरोबर गेलो, हे कुठल्याही सामन्याच्या वृत्तांतात नसतं. ते फक्त चाहत्याला माहीत असतं.

२०१६ मध्ये जमील आणि क्लब वेगळे झाले. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या शहराच्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, खाली घसरला आणि बंद झाला. एकाच गुणतक्त्याच्या दोन टोकांना ही एकाच शहराची गोष्ट. आयझॉलच्या विजयावर भरभरून लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. २०२५ मध्ये जमील भारताचे प्रशिक्षक झाले तेव्हा ते सगळं पुन्हा आठवलं गेलं. तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्या महिन्यांत ड्रेसिंग रूममध्ये, तिकीट खिडकीवर, स्टँडमध्ये काय चाललं होतं? तिथे कॅमेरा नव्हता.

मालिका निघाली असती तर क्लब वाचला असता, असं मला म्हणायचं नाही. संडरलंड तगला तो मालिकेमुळे नव्हे, खालच्या स्तरावरही येत राहिलेल्या ३० हजार लोकांमुळे. (२०२२ मध्ये तो एक पायरी वर आला, २०२५ मध्ये परत प्रीमियर लीगमध्ये.) तिथे मालक बदलले तरी क्लब शहराचा राहिला. आपल्याकडे संघ कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ होती. ओळ खोडली की संघ गेला, आणि बरोबर कागदपत्रंही गेली. आपल्या चाहत्यांचं प्रेम कमी होतं, हा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असं प्रयोगशाळेतही कुणी म्हणत नाही.

आता मुंबई सिटी आहे. अंधेरीच्या स्टेडियममध्ये ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’चा आवाज आहे, आयएसएलची विजेतेपदं आहेत. पण २०२५ मध्ये त्या लीगचाच हंगाम व्यावसायिक करार रखडल्यामुळे अडकला, तेव्हा जिंकणारे क्लबही किती तकलादू पायावर उभे आहेत ते दिसलं. म्हणजे नोंदींचं काम फक्त गेलेल्या क्लबांसाठी नाही.

हे काम महाग नाही. कंपनीची दफ्तरं मिळणार नाहीत, पण माणसं आहेत. महिंद्राला लीग जिंकताना बघितलेल्यांपैकी बरेच जण आता साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्याशी बोलताना मी तीन गोष्टी लिहून घेतो: कोणत्या सामन्याला गेलात, कसे आणि कुणाबरोबर गेलात, आणि क्लब बंद झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं. तिसऱ्या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक जण थोडा थांबतो.

तुमच्या घरी कुणी कूपरेजला जात असेल, तर हे तीन प्रश्न या रविवारी विचारा आणि उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. जुनं तिकीट, फोटो, वहीत चिकटवलेलं कात्रण सापडलं तर टाकू नका, मला कळवा.