असीरगडचा दारूगोळा

खांडव्याहून बऱ्हाणपुराकडे येणारी सडक सातपुड्याच्या ज्या खिंडीतून तापीच्या खोऱ्यात उतरते, त्या खिंडीच्या माथ्यावर असीरगड उभा आहे. बऱ्हाणपूर शहरापासून तो उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. मुख्य गड, त्याखाली कमरगड आणि त्याच्याही खाली मलयगड अशी तिहेरी तटबंदी त्याला लाभली आहे. नर्मदेकडून दक्षिणेत उतरू पाहणाऱ्या प्रत्येक फौजेला या गडाच्या तोफांखालून जावे लागे. म्हणूनच 'दक्षिणेचा दरवाजा' असे त्याचे नाव पडले. फारुकी घराण्यातील नासीरखानाने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीकाठी शहर वसवले आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब या साधुपुरुषाचे नाव त्यास दिले. तेव्हापासून शहर आणि गड यांचे भवितव्य एकत्र बांधले गेले.

या गडाचे दोन पाडाव इतिहासात विशेष गाजले. एक १६०१ सालचा आणि दुसरा १८१९ सालचा. या दोन घटनांमध्ये दोनशे अठरा वर्षांचे अंतर आहे. तथापि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर बंदुकांच्या व तोफांच्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्यांत सापडते. इतिहास वाचताना आपले लक्ष सहसा तोफेवर खिळते. तिची लांबी, तिचे तोंड, तिचे भारदस्त नाव यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. पण तोफ हे अखेर एक पोकळ नळकांडे आहे. तिच्यात जी दारू ठासायची, ती कोठून आली, कोणी केली व कोणी सांभाळली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण होय. त्यात तीन चतुर्थांशांच्या आसपास भाग एकट्या सोऱ्याचा असतो. सोरा खाणीतून निघत नाही. जुन्या गावठाणांच्या आणि गुरे बांधण्याच्या जागांच्या मातीवर पांढरा क्षार फुलतो. ती माती खरवडून पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून कढईत आटवायचे आणि थंड होताना जे खडे जमतील ते पुन्हा शुद्ध करून घ्यायचे, अशी ती कष्टाची रीत होती. कोळसा हलक्या लाकडाचा लागे. गंधक बहुधा व्यापारी मार्गाने दुरून येई. हे तिन्ही जिन्नस वेगवेगळे कुटून, पाण्याचा हबका देत एकजीव करायचे आणि त्याचे दाणे पाडून वाळवायचे. कुटताना एक ठिणगी पडली तर कारखाना गेला. आणि वाळवण्यात हयगय झाली तर दारू सर्दावून रणात ऐन वेळी दगा देणार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे आणि हवालदाराने स्वतः जाऊन दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून वाळवावी, अशी बारीक ताकीद दिली आहे. तोफेचे वर्णन न करता कोठाराची काळजी सांगणारा तो मुत्सद्दी युद्धाचे खरे शास्त्र जाणत होता, असेच म्हटले पाहिजे.

आता पहिल्या पाडावाकडे वळू. १६०० सालच्या वसंत ऋतूत अकबर बादशहा बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला आणि असीरगडास वेढा पडला. गडावर बहादूरशहा फारुकी होता. शेख इलाहदाद फैजी सरहिंदी या समकालीन इतिहासकाराने गडावरील सामग्रीची जी यादी दिली आहे, ती वाचून आजही विस्मय वाटतो. लहानमोठ्या मिळून १,३०० तोफा होत्या. त्यांचे गोळे अर्ध्या शेरापासून जवळजवळ दोन मणांपर्यंत वजनाचे होते. दगड फेकण्याची यंत्रे होती, उकळते तेल ओतण्यासाठी बुरुजांवर कढया होत्या. धान्य व इतर पुरवठा इतका होता की, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर गड हाती आला तेव्हा कोठारांना जणू हातच लागलेला नव्हता. पिएर द्यु जारिक यांनी जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून रचलेल्या वृत्तांतात गडावरील तोफांची व्यवस्था सात पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे असल्याचे सांगितले आहे.

अकबराच्या तोफा या उंचीपुढे थिट्या पडल्या. त्याच वृत्तांतात अशीही हकीकत आहे की, बादशहाने आपल्या दरबारातील जेझुइट पाद्री जेरोम झेवियर यांना पोर्तुगीजांकडून तोफा व दारूगोळा मागवून देण्यास सांगितले, आणि ते कृत्य आपल्या धर्मास मान्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला. हिंदुस्थानच्या बादशहालाही परक्याच्या दारूगोळ्यासाठी शब्द टाकावासा वाटला, एवढे या हकीकतीवरून दिसते.

तरीही गड पडला. डिसेंबर १६०० मध्ये बहादूरशहा गड उतरून अकबराच्या छावणीत आला आणि परत गेला नाही. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. गडावर रोगाची मोठी साथ पसरली होती, असे मोगल इतिहासकार सांगतात. अधिकाऱ्यांना सोन्यारुप्याने फितवले, असे जेझुइट वृत्तांत म्हणतो. कारण कोणतेही धरले तरी निष्कर्ष एकच निघतो. तोफा होत्या, गोळे होते, धान्य होते. पण तोफेमागे उभा राहणारा माणूस एकतर आजारी होता किंवा त्याची निष्ठा विकली गेली होती.

मोगल अमलात बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या स्वाऱ्यांचे मुख्य ठाणे बनले. तोफा ओतण्याची कलाही येथे नांदत होती. औरंगजेबाच्या कारकीर्दीत हिजरी १०७४ साली, म्हणजे इसवी सन १६६३-६४ च्या सुमारास, येथे ओतलेली 'मुल्क हैबत' नावाची तोफ पुढे असीरगडाच्या बुरुजावर होती. मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटिअरात तिच्यावरील लेखांची नोंद आहे. त्यांत बादशहाची स्तुती आहे, तोफेच्या पराक्रमाची बढाई आहे, आणि शेवटी एक साधी व्यवहाराची ओळ आहे: गोळा ३५ शेर, दारू १२ शेर, वजन शाहजहानी. आजच्या मापाने हा गोळा सुमारे २९ किलोचा आणि दारू सुमारे १० किलोची होते. बढाईच्या ओळींपेक्षा ही शेवटची ओळच अधिक बोलकी आहे. एका बारास बारा शेर दारू, तर शंभर बारांस तीस मण लागणार; म्हणजे जवळजवळ एक टन. एवढ्या दारूसाठी किती गावांची माती खरवडावी लागली असेल, किती कढया आटल्या असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. भूक किती आहे हे तोफेने आपल्या अंगावरच लिहून ठेवले होते. ती भागवायची कशी, हे राज्यकर्त्याने पाहायचे होते.

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर झालेल्या तहाने निजामाकडून असीरगड व बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि पुढे ते शिंद्यांच्या ताब्यात गेले. मराठ्यांना दारूगोळ्याचे महत्त्व कळत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नर प्रांतात ओतूरजवळ आंबेगव्हाण येथे तोफांचे गोळे तयार करण्याचा कारखाना चालत होता. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन याने आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडून तोफा ओतवल्या आणि बंदुका बनवून घेतल्या. हा माल विलायती मालाच्या तोडीचा असल्याची साक्ष शत्रूनेही दिली आहे. उणीव कौशल्याची नव्हती. ती होती सातत्याची. कारखाना एखाद्या कर्तबगार सरदाराच्या किंवा परदेशी कारागिराच्या बळावर उभा राही, आणि तो माणूस गेला की कारखान्याची घडीही विस्कटे.

इंग्रजांची रीत निराळी होती. त्यांनी आधी सोरा ताब्यात घेतला. बिहारचा सोरा त्या काळी जगात नावाजलेला होता, आणि प्लासीच्या लढाईनंतर लगेच, १७५८ साली, त्याच्या व्यापाराचा मक्ता क्लाइव्हने नवाब मीर जाफरकडून कंपनीस मिळवून दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ ईशापूर येथे दारूचा कारखाना उभा राहिला आणि १८०१ साली काशीपूर येथे तोफांचे गाडे करण्याचा. कोणी गव्हर्नर आला किंवा गेला तरी तेथील काम थांबत नसे. १८०३ साली इंग्रजांनी असीरगड घेतला. सुर्जी अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांस परत मिळाला. परंतु त्याच वर्षी आग्र्याचा किल्ला आणि त्याबरोबर तेथील शस्त्रनिर्मितीही शिंद्यांच्या हातून गेली. गड राहिला, पण गडाला पोसणारे मूळ तुटले.

याचे फळ १८१९ साली दिसून आले. तेव्हा पेशवाई बुडाली होती. नागपूरचे आप्पासाहेब भोसले आश्रयार्थ असीरगडाकडे आले होते. यशवंतराव लाड हा शिंद्यांचा किल्लेदार गड खाली करीत नाही, असे पाहून जनरल डोव्हटन आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजांनी वेढा घातला. १८ मार्च रोजी पायथ्याची पेठ इंग्रजांनी घेतली. गडकऱ्यांनी खाली उतरून छापे घातले आणि त्यांत रॉयल स्कॉट्स पलटणीचा लेफ्टनंट कर्नल फ्रेझर पडला. २१ मार्चला सकाळी इंग्रजांच्या मोर्चामागे साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन सुमारे शंभर हिंदी शिपाई मेले किंवा जखमी झाले. इंग्रजांना हा आघात मोठा होता. तथापि त्यांचा पुरवठा तुटला नाही. सागरहून जड तोफांचा काफिला येऊन पोहोचला आणि मारा वाढत गेला. वर गडावर बाराशेच्या आसपास शिबंदी होती आणि तिने शौर्यात कसूर केली नाही. पण प्रत्येक बाराबरोबर कोठार रिते होत होते, आणि ते भरणारा कोणी उरला नव्हता. ९ एप्रिल १८१९ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आत गेल्यावर इंग्रजांना आढळले की, दारू जवळजवळ संपलेली आहे.

१६०१ साली कोठार भरलेले होते आणि माणसे खचली होती. १८१९ साली माणसे उभी होती आणि कोठार रिकामे होते. गड तोच, कडे तेच, तटही तेच. दोन्ही वेळा तो पडला. शस्त्राचे बळ धातूत नसून त्यामागे अखंड चालणाऱ्या पुरवठ्यात आणि त्या पुरवठ्यामागील माणसांत असते, ही गोष्ट असीरगडाने दोनदा सिद्ध केली आहे.

त्यानंतर काळ बदलला. काळ्या दारूची जागा धूररहित दारूने घेतली. ठासणीची बंदूक गेली आणि पितळी कवचात ठिणगीची टोपी, दारू व गोळी एकत्र बसवलेले काडतूस आले. १८६९ साली पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली भुसावळ येथे आणि १९६४ साली वरणगाव येथे सरकारी कारखाने सुरू झाले. ज्या तापीच्या खोऱ्यात मुल्क हैबत ओतली गेली, त्याच खोऱ्यात वरणगावला ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची काडतुसे तयार होऊ लागली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणींची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. त्यांतील म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालय पुण्यास आहे, तर यंत्र इंडियाचे नागपुरास. नागपूर परिसरातील खासगी कारखानेही आता सैन्यास हातबॉम्बसारखा माल पुरवतात.

पुरवठ्याचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळ अंशी सुटला. माणसाचा प्रश्न मात्र आजही तितकाच तीव्र आहे. मे २०१६ च्या अखेरीस पुलगावच्या दारूगोळा कोठारास आग लागली आणि ती विझवताना सोळाहून अधिक जवान व अधिकारी प्राणांस मुकले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथील कारखान्यात स्फोट झाला आणि किमान आठ कामगार मरण पावले. रणांगणावर पडलेल्या वीराची नोंद इतिहास ठेवतो, त्याच्या नावाने स्मारके उभी राहतात. सोरा आटवताना, दारू कुटताना किंवा काडतूस भरताना जो जातो, तोही त्याच युद्धात कामी आलेला असतो. असीरगडावरील दारू वाळवणाऱ्या हातांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. आजच्या कारखान्यांतील हातांच्या बाबतीत तरी असे होऊ नये. कोठार भरलेले असावे, ही राज्याची गरज आहे. ते भरणारा कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, हे राज्याचे कर्तव्य आहे.