भविष्यकाळाचं रिव्हर्स इंजिनिअरिंग

स्पॅनिश शिकायला लागून सहा महिने झाले आणि क्रियापदांच्या तक्त्यांनी पार पिट्टा पाडला. रविवारी घोकलेलं सोमवारी साफ! क्लास सोडायचंच ठरवलं होतं.

तेवढ्यात आन्तोनियो दे नेब्रिखा हाती लागला. या पठ्ठ्याने १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं. त्यात त्याने भविष्यकाळाचं गुपित फोडलंय: मूळ क्रियापद अधिक 'आबेर'चा वर्तमानकाळ, बस्स!

झालं काय, की लॅटिनमध्ये ब आणि व यांचे उच्चार एक होत गेले. 'आमाबित' (प्रेम करील) आणि 'आमावित' (प्रेम केलं) सारखंच ऐकू यायला लागलं. लोकांनी मग जुगाड केला, आपल्या 'बोलायचं आहे'सारखा. आब्लार + ए = आब्लारे, मी बोलेन. आब्लार + आस = आब्लारास, तू बोलशील. 'तेनेर'चं 'तेन्द्रे' होतं, पण शेपूट तेच! फक्त 'आबेइस'चं 'एइस' होतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

म्हणजे एक क्रियापद पाठ केलं की अख्खा काळ फुकट. आता मी तक्ता घोकण्याआधी तो असा का झाला ते शोधतो.

असो. क्लास चालू आहे, मंडळी!