विभक्त चुली आणि सामाईक नैवेद्य : भीमा खोऱ्यातील भावकीच्या सणभोजनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत चुलीला मध्यवर्ती स्थान आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात एका छपराखालचे वास्तव्य, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा ही अशा कुटुंबाची प्रमुख लक्षणे सांगितली. वाटणी झाली की यांपैकी पहिली तीन लक्षणे संपतात. चौथे मात्र पुष्कळदा टिकून राहते. पुणे–सोलापूर मार्गावरील यवत, भांडगाव, पाटस या दौंड तालुक्यातील पट्ट्यात, तसेच भीमेपलीकडील शिरूर तालुक्यात, जमीन आणि चूल वेगळी झालेले भाऊ कुळधर्म, गौरी-गणपती किंवा यात्रेचे जेवण एकत्र करतात, हे परिचित दृश्य आहे. हे जेवण कधी थोरल्या घरी होते, तर कधी पाळीने एकेकाकडे जाते. या प्रथेमागे केवळ जिव्हाळा आहे, असे मानण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार हक्क, खर्च आणि श्रम या तीन अंगांनी केला आहे.

शास्त्र आणि रूढी

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांनी एकत्र राहावे किंवा धर्मवृद्धीसाठी वेगळे व्हावे, असे दोन्ही पर्याय दिले आहेत. वेगळे राहिल्याने धर्मकृत्यांची संख्या वाढते, म्हणून विभाजन धर्म्य, असा तेथील युक्तिवाद आहे. बृहस्पतीच्या नावावरील एका वचनाचा आशयही असाच आहे : एका चुलीवर जेवणाऱ्यांचे देव-पितरांचे पूजन एकच असते, विभक्तांचे घरोघरी वेगळे होते. शास्त्राचे गणित सरळ आहे. चार चुली झाल्या की चार नैवेद्य व्हावेत.

मराठी मुलखातील रूढीने या गणिताला मुरड घातली. रोजची पूजा घरोघरी गेली. परंतु कुलदैवताचे टाक, खंडोबाचे षड्‌रात्र, चंपाषष्ठीची तळी आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य अशा गोष्टी अनेक घराण्यांत सामाईक राहिल्या. जेजुरी ज्या पुरंदर तालुक्यात आहे, तो दौंडला लागूनच असल्याने या भागात खंडोबाच्या कुळाचाराचे महत्त्व विशेष आहे. घराण्याच्या देवांची जमिनीप्रमाणे वाटणी करता येत नाही. ते एकाकडे ठेवून इतरांना पूजेची मोकळीक द्यावी किंवा पूजेच्या पाळ्या ठरवाव्यात, हे तत्त्व इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही स्वीकारले. अशा रीतीने ‘पाळी’ ही घरगुती सोय न राहता हक्काची बाब ठरली.

होळीची पोळी : यजमानपदाचा मान

यजमानपद हा हक्क होता, याचा सर्वांत ठळक पुरावा वतनाच्या कागदपत्रांत मिळतो. मराठेकालीन महजर व वतनपत्रांत पाटीलकीच्या जमिनीबरोबर तिचे मानपानही नोंदवलेले आढळतात : होळीची पोळी, पोळ्याच्या दिवशी बैलांचा अग्रमान, दसऱ्याचे सोने, विडा, शिरपाव. वतन विकले किंवा भावांत वाटले गेले की पहिली पोळी कोणाची आणि मागून कोणाची, हेही स्पष्ट करावे लागे. वाद झाल्यास तो गोतसभेपुढे जाई. पुरणाच्या एका पोळीसाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. सणाचे अन्न कोणाच्या हातून प्रथम अर्पण होते, यावरून घराण्यातील थोरली शाखा साऱ्या गावासमोर सिद्ध होत असे, हे त्याचे उत्तर होय.

महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे पद नष्ट झाले. पदाचा अधिकार गेला, तरी मानाची भाषा पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली.

जमिनीचे तुकडे आणि खर्चाची वाटणी

हेच यजमानपद पुढे भार का वाटू लागले, याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर येथील पाहणीनुसार १७७१ मध्ये सुमारे ४० एकर असलेले सरासरी धारणक्षेत्र १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली दुसरी पाहणी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची होती. जमीन भावांत वाटली गेली. पाहुण्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात घटली नाही.

येथे एका सार्वत्रिक समजुतीची तपासणी आवश्यक आहे. १२ मे १८७५ रोजी त्यावेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने लग्न व सणांवरील खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असे मत नोंदवले. कुणब्याच्या उधळपट्टीवर बोट ठेवणाऱ्यांना हे उत्तरच होते. तथापि सणाचा खर्च कर्जाचे मूळ नसला, तरी कोरडवाहू शेतीवर तो भार होताच. वर्गणी काढणे, शिधा वाटून घेणे, एका वर्षी एकाने व दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने जेवण घालणे या रीती अशा परिस्थितीत उपयोगी ठरल्या. मान वाटून घेण्याची जुनी पद्धत आता खर्च वाटून घेण्यासाठीही वापरली जाऊ लागली, असे म्हणता येईल.

पंक्तीच्या कडेला असलेले

या वाटपाला मर्यादा होत्या. बलुतेदारांना सणाचे अन्न मिळे, ते हक्काचे असले तरी पंक्तीतले नसे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना ते उंबऱ्याबाहेर मिळे. १९५६ चे धर्मांतर आणि १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाचा कायदा यांनी या संबंधाचा पाया हलवला.

दुसरी मर्यादा घरातली आहे. पाळी कागदावर भावाच्या नावाने असते. पुरण वाटतात आणि पोळ्या लाटतात त्या जावा. मान एकाचा आणि श्रम दुसरीचे, ही विभागणी कोणत्याही महजरात नोंदलेली नाही. लेक मात्र या पंक्तीत माहेरवाशीण म्हणून, म्हणजे पाहुणी म्हणून बसते. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने, तर संसदेने २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्माने सहदायाद मानले. कायद्याने तिला जमिनीत वाटा दिला. कुळधर्माच्या पाळीत तिचे नाव घालण्याचा विचार मात्र भावकीत क्वचितच होतो.

निष्कर्ष

भीमा खोऱ्यातील सामाईक सणभोजन हे एकत्र कुटुंबाचे केवळ अवशेष नव्हे. वाटणीनंतरही नाते चालू ठेवण्यासाठी रूढीने उभी केलेली ती स्वतंत्र व्यवस्था आहे. तिने आरंभी मान वाटला, नंतर खर्च वाटला. श्रम वाटून घेण्याचे आणि लेकीला यजमानपद देण्याचे काम तिच्याकडून अद्याप व्हावयाचे आहे. ज्या रूढीने शास्त्राचे ‘घरोघरी वेगळे’ हे वचन आपल्या सोयीने वळवून घेतले, तिला हा बदल अशक्य आहे, असे इतिहास सांगत नाही.