सात बेटांचे बंदर आणि आपला कापूस

श्रोतेहो, कुंडलिका नदी जुन्या आणि नव्या जालन्याच्या मधून वाहते आणि पुढे दुधनेला मिळते. तिचे पाणी शेवटी गोदावरीवाटे पूर्वेच्या समुद्राला जाते. पण आपल्या रानातला कापूस गेला तो उलट्या दिशेने, पश्चिमेच्या समुद्राकडे, मुंबईला. म्हणून मुंबईची हकीकत ही काही परक्या गावाची हकीकत नव्हे. बंदर समुद्रकाठी असते खरे, पण ते जगते पाठीमागच्या मुलखावर. आज ही गोष्ट थोडी उलगडून पाहू.

आज सलग दिसणारी मुंबई मुळात सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे. भरतीला मधल्या सखल जागेत पाणी शिरे, ओहोटीला चिखल उघडा पडे. कोळी मासे धरीत, काठाला माडांच्या वाड्या होत्या, थोडीफार भातशेती होती. कोळ्यांच्या मुंबादेवीवरून शहराला नाव पडले, असे मानतात. मग अशा दलदलीसाठी राजेरजवाड्यांनी एवढी धडपड का करावी? कारण बेटांच्या पूर्व अंगाला समुद्र खोल आहे आणि शांतही आहे. पावसाळी वाऱ्याचा मारा बेटे आपल्या पाठीवर झेलतात आणि आतल्या बाजूला जहाजे निवांत राहतात. गोठ्याच्या भिंतीआड गुरे उभी राहावीत, तशी.

1534 साली वसईच्या तहाने ही बेटे गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी ठरले आणि मुंबई हुंड्यात देण्याचा करार झाला. ताबा मिळायला 1665 साल उजाडले. हे हुंड्यातले धन राजाला परवडेना, तेव्हा 1668 साली त्याने ते वर्षाला अवघ्या दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. जेराल्ड आँजियर या गव्हर्नराने व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावून वसवले, आपापला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. 1687 साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून इथे हलवले. पुढच्या शतकात सुरतेहूनच लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर जहाजे बांधायला आला. त्याच्या घराण्याने 1817 साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहायला मिळते.

बेटे जोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. 1784 च्या सुमारास वरळीजवळची खिंड बांध घालून बुजवली. 1845 साली माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये रस्ता झाला, त्याला जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीने पैसा दिला. डोंगर फोडावा, दगडमाती समुद्रात लोटावी, असे करीत शहराने आपली जमीन आपणच तयार केली. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या काठची वस्ती बुडाली, तेव्हा हे साऱ्यांना कळून चुकले.

आता कापसाकडे वळू. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून सगळी मागणी मुंबईवर आली. भाव चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला! इकडे खान्देश-वऱ्हाडापासून दख्खनपर्यंत शेतकऱ्याने कापूस पेरला आणि सावकारानेही हात सैल सोडला. 1865 च्या जानेवारीत थळघाटातून आगगाडी वर आली. त्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतले मोठमोठे धनिक दिवाळखोर झाले.

शहराचे दिवाळे वर्तमानपत्रांत गाजले. शेतकऱ्याचे दिवाळे हळूहळू निघाले. कर्ज होते तसेच राहिले, त्यात सरकारने सारा वाढवला, सावकाराने हात आखडला. अखेर 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले आणि दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते त्यांनी हिसकावून जाळले. 1879 साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. दंग्याला कारणे अनेक होती, पण त्यातले एक कारण सात समुद्रांपलीकडे घडले होते आणि ते मुंबईच्या बंदरातून गावात शिरले होते.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1900 च्या सुमारास मनमाडकडे जाणारी आगगाडी जालन्याला आली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने इथे चालू लागले. रूळ अरुंद होते, म्हणून मनमाडला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. मुंबईच्या लोकलगाडीवर आजही ‘कॉटन ग्रीन’ नावाचे स्टेशन आहे. कापसाच्या बाजाराची ती खूण. जहाजांची गर्दी वाढली तेव्हा खाडीपलीकडे न्हावाशेवा येथे 1989 साली नवे बंदर सुरू झाले, आणि 2015 साली जालन्याजवळ ड्रायपोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी झाली. बंदरालाच आपल्याकडे यावेसे वाटले, ते का, हे आता वेगळे सांगायला नको.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक करावे. फळ्यावर सात बेटे काढावीत, मग जालन्यापासून मनमाडवरून मुंबईपर्यंत एक रेघ ओढावी. आणि मुलांना विचारावे, आपल्या घरी पिकणाऱ्या मालाचा भाव कुठे ठरतो? उत्तर शोधायला मुले घरी वडिलांना विचारतील, अडत्याला विचारतील. 1865 साली हा प्रश्न विचारायला शेतकऱ्याजवळ ना शाळा होती, ना रेडिओ. आज दोन्ही आहेत.