तोफगोळ्याची सुरी

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि जुनी दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. स्वयंपाकघरातील सुरीला ह्या पंक्तीत सहसा कोणी बसवीत नाही. तथापि किनमेन बेटावरील सुरीला तो मान देणे प्राप्त आहे. हे बेट चीनच्या किनाऱ्यालगत असून ताबा मात्र तैवानचा आहे. जगाच्या वृत्तपत्रांतून ते एके काळी क्वेमॉय ह्या नावाने गाजले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी चिनी तोफांनी ह्या बेटावर भडिमार सुरू केला. ४४ दिवसांत सुमारे ४,७०,००० गोळे तेथे पडले. त्यानंतर एक विलक्षण प्रघात पडला. विषम तारखांना मारा व्हावयाचा, सम तारखांना विराम! हा प्रकार १ जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालला. उत्तरकाळातील पुष्कळशा गोळ्यांत प्रचारपत्रके भरलेली असत. अशा गोळ्याच्या ठिकऱ्या होत नसत. जाड कवच बरेचसे शाबूत राही. ते घरावर कोसळले तर प्राण घेई. शेतात सापडले तर मोडीच्या भावाने विकले जाई.

ही मोड लोहारांनी उचलली. मोडीतले प्रत्येक लोखंड सुरीच्या कामाचे नसते. मऊ लोखंडाला कितीही पाणी दिले तरी त्याची धार टिकत नाही. गोळ्याचे पोलाद मात्र पाणी धरते. कवचाचा तुकडा कापून भट्टीत लाल करावयाचा, घणाखाली ठोकून त्याचे पाते ओढावयाचे, पुन्हा तापवून एकदम थंड करावयाचे आणि शेवटी धार लावून लाकडी मूठ बसवावयाची, असा हा क्रम. एका कवचातून सुमारे साठ सुऱ्या निघतात, असे तेथील कारागीर सांगतात. ह्या कामी वू घराण्याचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. त्या घराण्याचा मूळ पुरुष लोहारकाम शिकला तो समोरच्याच शियामेन शहरात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या सुरीत शांततेचे रूपक पाहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु लोहार रूपके घडवीत नव्हता. दारात पोलाद येऊन पडत होते आणि शेजारणीला भाजी चिरावयाची होती, एवढाच त्याचा हिशेब. माणसे युद्ध थांबवू शकत नाहीत, तेव्हाही संसार थांबत नाही. ह्या सुरीची साक्ष आहे ती ह्याच गोष्टीची.

२००१ साली शियामेन व किनमेन ह्यांच्यामध्ये थेट नौका सुरू झाल्या. पुढे पलीकडचे प्रवासी येऊन ह्या सुऱ्या विकत नेऊ लागले. जे पोलाद तोफेच्या तोंडून बेटावर आले होते, ते कागदात गुंडाळून, दाम मोजून, आपल्या किनाऱ्याला परत गेले.