तांबीचा दोरा : संततिनियमनातील नियंत्रणाचा प्रश्न

1921 साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्या काळातील स्त्रियांची अडथळा-साधने वापरणारीच घालीत व काढीत असे. 1965 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात लिपीज लूप आल्यावर हा संबंध पालटला. 1966 पासून केंद्रीय अनुदान बसविलेल्या प्रत्येक लूपमागे 11 रुपये असे ठरले; साहजिकच यशाचे मोजमाप बसविण्याच्या संख्येवर होऊ लागले. 1966-67 मध्ये सुमारे 9 लाख लूप बसविले गेले. रक्तस्राव, वेदना व अपुरी देखरेख यांमुळे पुढील वर्षी ही संख्या 7 लाखांखाली घसरली.

तथापि लूपला आणि पुढे तांबीला गर्भाशयमुखाबाहेर येणारा दोरा होता. दंडातील त्वचेखाली बसविल्या जाणाऱ्या नॉरप्लांटच्या नळ्यांना तो नव्हता. त्या काढण्यास छेद घ्यावा लागे. स्त्री-संघटनांचा आक्षेप याच परावलंबनावर होता. मात्र दोरा म्हणजे पूर्ण स्वायत्तता नव्हे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तांबी स्वतः काढू पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रियाच यशस्वी झाल्या. म्हणून मागताक्षणी, कारण न विचारता साधन काढून देणारी सेवा हीच स्त्रीच्या संमतीची खरी कसोटी ठरते.