वेब सर्व्हरसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम?

संकेतस्थळ सुरू करणाऱ्या बहुतेक संस्था आरंभी सामायिक जागा भाड्याने घेतात. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात आणि त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे ग्राहकाला ठाऊक नसले तरी त्याचे अडत नाही. वाचक किंवा व्यवहार वाढले की ही सोय तोकडी पडते आणि संपूर्ण यंत्र एकट्यासाठी घ्यावे लागते. यालाच डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात. त्याची मागणी नोंदवताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या रकान्यांखाली ऑपरेटिंग सिस्टीमची एक यादी दिलेली असते. पुष्कळ ग्राहक तेथे पहिले दिसेल ते नाव निवडून पुढे सरकतात. मेमरी नंतर वाढवता येते, डिस्कही बदलता येते. चालू सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची झाली, तर मात्र बहुधा शेजारी दुसरा सर्व्हर उभा करून सारा संसार तिकडे हलवावा लागतो.

शिवाय जबाबदारीही बदलते. सामायिक जागेत सुरक्षाविषयक दुरुस्त्या बसवण्याचे काम होस्टिंग कंपनी करते. डेडिकेटेड सर्व्हरचे सर्वाधिकार ग्राहकाकडे येतात, आणि देखभालीची सेवा वेगळे पैसे मोजून घेतलेली नसेल, तर त्या दुरुस्त्याही त्यालाच बसवाव्या लागतात. त्यामुळे ही निवड करताना वेगापेक्षा किंवा दिसण्यापेक्षा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो : या प्रणालीला दुरुस्त्या कोण पुरवणार आणि किती वर्षे?

सेंटओएसचे प्रकरण

या प्रश्नाचे महत्त्व डिसेंबर २०२० मध्ये जगभरच्या सर्व्हरचालकांना कळून चुकले. रेड हॅट कंपनीची एंटरप्राइझ लिनक्स ही प्रणाली सशुल्क आहे. पण तिचा स्रोत खुला असल्याने त्यापासून तंतोतंत तशीच विनामूल्य प्रणाली तयार करणे शक्य होते. सेंटओएस हा प्रकल्प २००४ पासून नेमके हेच करीत होता. दहा वर्षांचा आधार, तोही फुकट, असा हा सौदा असल्याने होस्टिंगच्या व्यवसायात सेंटओएस हीच जणू रूढ निवड झाली. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला आणि २०१९ मध्ये खुद्द रेड हॅट आयबीएमच्या मालकीची झाली.

सेंटओएसची सहावी आवृत्ती ३० नोव्हेंबर २०२० रोजी कालबाह्य होणार, हे आधीपासून ठरलेले होते. त्यामुळे शहाणे समजले जाणारे अनेक चालक त्यापूर्वीच आठव्या आवृत्तीवर गेले. तिला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. त्यानंतर जेमतेम आठवडा उलटतो तोच, ८ डिसेंबरला, आठव्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबेल, अशी घोषणा झाली. गंमत अशी, की जुन्या सातव्या आवृत्तीचा आधार मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालू राहिला. नवे ते घेणारे फसले आणि आळस करणारे तरले!

सेंटओएसच्या नावाने पुढे चालू राहिलेली ‘स्ट्रीम’ ही प्रणाली रेड हॅटच्या आगामी आवृत्तीची पूर्वपीठिका असते. आधी बदल तेथे येतात, नंतर मूळ प्रणालीत. पोकळी भरून काढण्यासाठी २०२१ मध्ये दोन पर्याय उभे राहिले. क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्त्झर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले आणि त्याला आपले दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांचे नाव दिले. आठव्या सेंटओएसवरून या दोहोंपैकी कोणत्याही प्रणालीवर जाणे तुलनेने सोपे होते. तयार आज्ञावलीने ते काम जागच्या जागी होई.

कथा येथे संपत नाही. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सचा स्रोत सार्वजनिकरीत्या देणे सेंटओएस स्ट्रीमपुरतेच मर्यादित केले. तेव्हा अल्माने तंतोतंत प्रतिकृतीचा हट्ट सोडला. रेड हॅटसाठी बनलेले सॉफ्टवेअर आपल्याकडे चालावे, एवढेच उद्दिष्ट तिने ठेवले. रॉकीने प्रतिकृतीचा मार्ग सोडला नाही. सामान्य संकेतस्थळाला या मतभेदाने फारसा फरक पडत नाही. तथापि विनामूल्य आधाराची हमी ही कोणाच्या तरी धोरणावर उभी असते, हे ध्यानात घेऊनच यादीतील नाव निवडलेले बरे.

विंडोज केव्हा?

विंडोज की लिनक्स हा वाद तासन्‌तास रंगतो. वास्तविक त्याचा निकाल संकेतस्थळ ज्या सॉफ्टवेअरवर चालते तेच लावते. वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या पीएचपीवर आधारित प्रणाली लिनक्सवरच वाढलेल्या आहेत. उलट जुन्या एएसपी किंवा एएसपी डॉट नेट फ्रेमवर्कवर लिहिलेल्या लेखाप्रणाली, नोंदणीप्रणाली असतील, तर विंडोज सर्व्हरला पर्याय नाही. नव्याने लिहिलेल्या डॉट नेट प्रणालींची गोष्ट वेगळी. २०१६ पासून डॉट नेट लिनक्सवरही चालते आणि २०१७ पासून एसक्यूएल सर्व्हरही. त्यामुळे ‘आमचे सारे मायक्रोसॉफ्टचे आहे’ एवढे कारण आता पुरेसे ठरत नाही.

परवान्याचा खर्चही पाहावा लागतो. विंडोज सर्व्हरचे शुल्क प्रोसेसरच्या गाभ्यांवर, म्हणजे कोअरवर आकारले जाते आणि यंत्रात आठच कोअर असले तरी किमान १६ कोअरचा परवाना घ्यावा लागतो. भाड्याच्या सर्व्हरवर ही रक्कम दरमहा देयकात दिसते.

लिनक्सकडे स्थलांतर करताना एक क्षुल्लक वाटणारी अडचण हमखास छळते. विंडोजला फाइलच्या इंग्रजी नावातील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, लिनक्सला असतो. परिणामी काल दिसणारी निम्मी छायाचित्रे आज गायब होतात आणि दोष नव्या सर्व्हरच्या माथी मारला जातो.

सुरक्षेच्या बाबतीत कोणत्याही एका बाजूला झुकते माप देता येत नाही. जुलै २००१ मध्ये कोड रेड या किड्याने मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर धुमाकूळ घातला. पण त्याला अटकाव करणारी दुरुस्ती जूनमध्येच उपलब्ध झाली होती. २०१४ मध्ये हार्टब्लीड आणि शेलशॉक या त्रुटींनी मुक्त स्रोताच्या गोटालाही तितकेच हादरवले.

जुने दिसते ते जुने नसते

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यातील प्रणाली. १९९३ पासून चाललेले डेबियन कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. ते स्वयंसेवकांचे आहे. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे मर्यादित असा पाच वर्षांचा आधार मिळतो. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिलाही पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मात्र ही हमी मुख्य संग्रहातील सॉफ्टवेअरपुरती आहे. ‘युनिव्हर्स’ या विशाल संग्रहातील सॉफ्टवेअरसाठी उबुंटू प्रो ही वेगळी नोंदणी लागते; व्यक्तिगत वापराकरिता ती पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य आहे. ही तळटीप बरेचजण वाचत नाहीत.

स्थिर प्रणालींविषयी नवशिक्यांचा एक मोठा गैरसमज असतो. त्यांतील अपाचे किंवा पीएचपीचा आवृत्तिक्रमांक जुना दिसतो, म्हणून ती असुरक्षित आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात नव्या आवृत्तीतील केवळ सुरक्षेची दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीत बसवण्याची तेथे पद्धत आहे. क्रमांक तोच राहतो, छिद्र बुजलेले असते आणि संकेतस्थळाची घडी विस्कटत नाही.

या संथपणाचा लाभ मार्च २०२४ मध्ये दिसला. एक्सझेड या दाबसंक्षेपाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी कावेबाजपणे चोरदरवाजा घुसवला होता. दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा पिच्छा पुरवताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. (फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये!) तोपर्यंत तो डेबियनच्या चाचणी आवृत्तीत पोहोचला होता, स्थिर आवृत्तीत मात्र नव्हता. सर्व्हरवर अगदी ताजी, प्रायोगिक प्रणाली घालू नये असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

फ्रीबीएसडी हा लिनक्सबाहेरचा मातब्बर पर्याय. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची हॉटमेल मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये विकत घेतली, तेव्हा तिचे वेब सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालत होते आणि ते विंडोजवर आणायला मायक्रोसॉफ्टलाही २००० साल उजाडले. नेटफ्लिक्सचे चित्रफिती पुरवणारे सर्व्हरही फ्रीबीएसडीवरच आहेत. प्रणाली उत्तम, परंतु ती सांभाळू शकणारा माणूस शोधणे कठीण.

माणसाचा विचार कोणत्याही प्रणालीबाबत करावाच लागतो. देखभाल करणाऱ्याचा हात डेबियनवर बसलेला असेल, तर केवळ दहा वर्षांच्या आधारासाठी त्याला अल्मावर ढकलण्यात शहाणपणा नाही. सीपॅनेलसारखे नियंत्रण-सॉफ्टवेअर हवे असेल, तर मात्र स्वातंत्र्य आक्रसते. अल्मालिनक्स, क्लाउडलिनक्स आणि उबुंटूच्या ठरावीक आवृत्त्यांवर सीपॅनेल चालते. डेबियन आणि फ्रीबीएसडी त्या यादीत नाहीत. शिवाय २०१९ पासून त्याचे शुल्क खात्यांच्या संख्येवर आहे. प्लेस्क हे दुसरे नियंत्रण-सॉफ्टवेअर डेबियनवर आणि विंडोजवरही बसते.

स्वस्तात मिळणारा जुना सर्व्हर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला, आणि म्हणून रॉकीच्याही, एव्हीएक्स-२ ही सुविधा असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रांसाठी अल्माने आपल्या दहाव्या आवृत्तीचा वेगळा संच दिला आहे.

भारतातील संस्थांना कायद्याची बाजूही पाहावी लागते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत आणि घड्याळे ठरवून दिलेल्या वेळेशी जुळवायची आहेत. लिनक्स प्रणालींत जुन्या नोंदी बहुधा काही आठवड्यांतच आपोआप पुसल्या जातात. ही मुदत सर्व्हर ताब्यात येताच बदलून घ्यावी लागते.